थांबलेल्या वेळेचे पैसे कुणी द्यायचे?

दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्या बचत गटाची मीटिंग असते. मेहरूणमध्ये एका मैत्रिणीच्या ओट्यावर आम्ही पंधरा जणी जमतो. हप्ते गोळा होतात, वही लिहिली जाते, मग चहा आणि गप्पा. मागे एका मीटिंगमध्ये मात्र चहा तसाच गार झाला. आमच्यातल्या एका वहिनींनी मुलाच्या मोटारसायकलसाठी आठ हजारांचं कर्ज मागितलं. दोन्ही टायर गुळगुळीत झालेले, चेन-स्पॉकेट बदलायचं, इंजिनचंही काम निघालेलं. मुलगा घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवतो. गाडी बंद तर कमाई बंद.

तेवढ्यात एक जण बोललीच, "तुमचा पोऱ्या तर दिवसाचे सातशे कमावतो म्हणता ना? महिन्याचे वीस हजार झाले की! मग टायरला कर्ज कशाला?"

वहिनी गप्प. थोड्या वेळानं म्हणाल्या, "येतात खरे ताई, पण टिकत नाहीत. कुठं जातात देव जाणे." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पोरगं काही नादाला तर नाही ना लागलं?" वहिनींच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. नंतर एकटीला गाठून त्यांनी मला सांगितलं की गेले दोन महिने त्या रोज रात्री त्याच्या पँटचे खिसे तपासतात. गुटख्याची पुडी, लॉटरीचं तिकीट, काही सापडतं का बघतात. काहीच सापडत नाही. तरी शंका जात नाही.

आईनं मुलाचे खिसे तपासावेत, यासारखं दुःख नाही हो. मी म्हटलं, वहिनी, खिसे नका तपासू, हिशोब तपासू. उद्या सकाळी त्याला पाठवा, आणि मोबाईल घेऊन यायला सांगा.

मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. बी.ए. मराठी आहे. पण घर चालवणाऱ्या बाईला बेरीज-वजाबाकी कुणी शिकवावी लागत नाही. मुलगा आला. लाजाळू, उन्हानं रापलेला. त्याच्या मोबाईलमध्ये रोज किती तास ॲप चालू होतं, किती ऑर्डरी झाल्या, किती पैसे पडले, सगळं दिसतं. आम्ही मागचा पूर्ण महिना वहीत उतरवून काढला.

महिन्यात काम केलं २६ दिवस. रोज सरासरी १८ ऑर्डरी. इन्सेन्टिव्ह धरून दिवसाला सरासरी ७०० रुपये. महिन्याचे झाले १८,२००. इथपर्यंत सगळं छान.

आता खर्च. रोज ९० किलोमीटर गाडी फिरते. रिंग रोडवरच्या हॉटेलातून पार्सल घ्यायचं, पिंप्राळ्यात द्यायचं, आणि रिकाम्या हातानं परत यायचं. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर रोज दोन लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरून दिवसाला २१०, म्हणजे महिन्याला ५,४६०. महिन्याला गाडी अडीच हजार किलोमीटरच्या आसपास पळते, म्हणून ऑइल, ब्रेक, टायर, पंक्चर यांचे मिळून १,१०० धरले. विमा आणि पीयूसी महिन्याला १००. मोबाईलचं रिचार्ज आणि मोबाईलची झीज यांचे, घरच्या वापराचा वाटा सोडून, ४००.

आणि एक खर्च असा, जो कुणीच लिहीत नाही. गाडीची झीज! आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "ताई, अशी रोज पळणारी गाडी चार वर्षांत विकायला निघते." नव्या गाडीच्या किमतीतून चार वर्षांनी मोडीत येतील ते पैसे वजा केले आणि ४८ महिन्यांनी भागलं, तर महिन्याला १,४०० आले. हे पैसे आज खिशातून जात नाहीत, म्हणून दिसत नाहीत. पण एक दिवस ते टायर आणि इंजिन होऊन दारात उभे राहतात. वहिनींनी कर्ज मागितलं ते याच पैशांसाठी!

सगळ्या खर्चाची बेरीज झाली ८,४६०. १८,२०० मधून ८,४६० गेले, उरले ९,७४०.

मुलगा बघतच राहिला. म्हणाला, "काकू, मी तर रोजचे सातशेच धरून चालतो." मी वहिनींना बोलावून वही दाखवली. त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग मुलाच्या पाठीवर हात फिरवला. काही बोलल्या नाहीत. खिसे तपासणं त्या दिवसापासून बंद झालं. गटानं कर्जही एकमतानं मंजूर केलं.

पण माझ्या डोक्यातून ती वही जाईना. कारण अजून एक आकडा राहिला होता, तासांचा.

सकाळी अकराला ॲप चालू, रात्री अकराला बंद. मधे जेवायला तासभर. म्हणजे रोज ११ तास, महिन्याचे २८६ तास. यातला प्रत्यक्ष ऑर्डर घेऊन धावण्याचा वेळ किती? एका ऑर्डरला वीस मिनिटं धरली तर १८ ऑर्डरींचे ६ तास. उरलेले पाच तास तो काय करतो? हॉटेलच्या दारात उभा असतो. झाडाखाली गाडी लावून मोबाईलकडे बघत असतो. जळगावचं मे महिन्यातलं ऊन आपल्याला माहीत आहे. ४५ अंशांत दुपारी दोन ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि हा तिथं 'टिंग' वाजायची वाट बघत असतो.

आता गंमत बघा. त्याच मुलाच्या, त्याच महिन्याच्या कमाईचे तीन वेगवेगळे दर निघतात. फक्त धावण्याचे तास धरले आणि खर्च वजा केला नाही, तर तासाला ११७ रुपये. वा, किती छान! सगळे ११ तास धरले पण खर्च वजा केला नाही, तर तासाला ६४. सगळे तास धरले आणि खर्चही वजा केला, तर तासाला फक्त ३४ रुपये. जाहिरात पहिल्या आकड्याची होते, मुलगा दुसऱ्या आकड्यावर खूश असतो, आणि घर मात्र तिसऱ्या आकड्यावर चालतं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं!

तासाला ३४ म्हणजे आठ तासांचे २७२ रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. स्वतःची गाडी, स्वतःचं पेट्रोल, स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा जीव घेऊन रस्त्यावर धावणाऱ्या मुलाला, टिकाव-घमेल्याच्या मजुरीइतकंही पडत नाही.

हा एका मुलाचा, एका महिन्याचा हिशोब आहे. दुसऱ्याचे आकडे वेगळे येतील, पुण्या-मुंबईत आणखी वेगळे. माझं म्हणणं आकड्यांपेक्षा हिशोबाच्या पद्धतीबद्दल आहे. मजुरी मोजायची ती कशावर? ऑर्डरीवर, की माणसाच्या दिवसावर?

हा प्रश्न मला एवढा का टोचला, तेही सांगते. कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटानं उडदाच्या पापडांची ऑर्डर घेतली. दर मीच ठरवला. लाटणावळ किलोला ३५ रुपये. मी हिशोब केला होता की एक बाई चार तासांत चार किलो लाटते, म्हणजे १४० रुपये. घरबसल्या तासाला ३५ रुपये, काय वाईट? मी तर स्वतःवर खूश होते. महिनाभरानं एक वयस्कर बाई मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही लाटायचे पैसे देता. वाळवायचे कोण देणार?"

मी चपापले. खरंच की! पीठ न्यायला यायचं, लाट्या करायच्या, गच्चीवर साड्या अंथरायच्या, पापड उलटायचे, कावळे-शेळ्या हाकायच्या, ढग आला की पळत जाऊन गोळा करायचे, मोजायचे, परत आणून द्यायचे, वजनाला थांबायचं. तुटका निघाला तर तो बाजूला. दुसऱ्या दिवशी मी एका घरी बसून घड्याळ लावलं. चार किलो पापडांचा पूर्ण वेळ सात तास भरला! म्हणजे तासाला २० रुपये. आणि ही मजुरी देणारी कोण? मी. बायकांच्या हक्कांवर भाषणं करणारी!

आम्ही लाटणावळ ५० रुपये केली. पापडाचा भाव किलोमागे १५ रुपयांनी वाढवावा लागला. दोन दुकानदारांनी माल बंद केला, त्यातला एक पुढे परत आला. तासाला साधारण २९ रुपये म्हणजे काही फार मोठी मजुरी नाही, हे मलाही कळतं. पण निदान आता कुणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागत नाही.

नगावर मजुरी घेणारी बाई आपल्याकडे घरोघरी आहे. साडीला फॉल-पिको करणारी, ब्लाऊज शिवणारी, राख्या बांधणारी, मसाल्याची पाकिटं भरणारी. नाशिक, सोलापूर, अहिल्यानगरकडे हजारावर मजुरी घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आहेत. नगावरची मजुरी ही काही मोबाईलनं शोधून काढलेली नाही. मोबाईलनं एवढंच केलं की नग हातात देणारा मुकादम दिसेनासा झाला. मुकादमाशी भांडता तरी येत होतं. ॲपशी भांडणार कसं? दर कधी आणि का बदलला, ते सांगायलाही कुणी समोर नसतं.

यावर तोड नाही असं मात्र नाही. ती आपल्याच महाराष्ट्रानं काढली होती.

१९७२ चा दुष्काळ आमच्या आयांनी पाहिला. तेव्हा वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिथंही मजुरी कामाच्या मापावरच होती. किती खणलं, किती माती टाकली, त्यावर पैसे. पण तो दर काढताना सुरुवात दिवसापासून केली जायची. साधारण माणसानं दिवसभर मनापासून काम केलं तर त्याला किमान मजुरी सुटली पाहिजे, असा दर बसवायचा, हे तत्त्व होतं. जमीन मऊ असेल तर एक दर, मुरूम असेल तर वेगळा, खडक असेल तर आणखी वेगळा. माती लांब नेऊन टाकायची असेल तर त्याचे जादा. प्रत्यक्षात मापं चुकायची, पैसे उशिरा मिळायचे, भांडणं व्हायची, हेही खरं. पण तत्त्व पक्कं होतं. आधी दिवस, मग नग.

आता हेच पार्सलाला लावून बघा. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरी पार्सल नेणं हा 'मुरूम' नाही का? भर पावसात शिरसोली रोडला जाणं हा 'खडक' नाही का? १९७७ मध्ये मातीचे प्रकार ओळखता आले, मग रस्त्यावरचा प्रत्येक मीटर मोजणाऱ्या ॲपला हे ओळखता येत नाही, यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

थांबलेल्या वेळेचा प्रश्नही जुनाच आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात एक कलम होतं. रोजावरचा मजूर काम करायला तयार आहे, पण मालकानंच त्याला पूर्ण दिवस काम दिलं नाही, तर मजुरी पूर्ण दिवसाची द्यायची. हीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेतही आली. किती साधं आणि न्याय्य! माणूस हजर होता, काम देणं तुमच्या हातात होतं. पण पार्सलवाल्या मुलांना कंपन्या कामगार म्हणतच नाहीत, 'भागीदार' म्हणतात. कसली भागीदारी म्हणायची ही! नफ्यात वाटा नाही, पेट्रोलमध्ये मात्र पूर्ण वाटा.

"पण यांचा मालक कोण? आज या कंपनीचं काम, उद्या त्या," असं विचारलं जातं. त्यालाही उत्तर आहे. हमाल-माथाडींचा मालक कोण होता? सकाळी या व्यापाऱ्याची पोती, दुपारी त्या व्यापाऱ्याची. तरीही अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळं स्थापन झाली. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं हमालाला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी बघायचं. अनेक मालक असले तरी मजुरीचा हिशोब एका ठिकाणी होऊ शकतो, हे आपण पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय.

जगातही हाच वाद चालू आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०२० मध्ये असा नियम झाला की अशा चालकांना किमान वेतनाच्या १२० टक्के हमी, पण फक्त ऑर्डर हातात असेल तेवढ्याच वेळेची. ऐकायला १२० टक्के, पण थांबलेला वेळ शून्य! म्हणजे माझ्या पापडांसारखंच, लाटायचे पैसे, वाळवायचे नाहीत. न्यूयॉर्क शहरानं २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. जेवण पोचवणाऱ्यांसाठी तासाला १७.९६ डॉलर हा किमान दर ठरवला, आणि तो ठरवताना धावण्याचा वेळ आणि वाट बघण्याचा वेळ असे दोन्ही धरले. वाहनाच्या खर्चाचाही विचार केला. ब्रिटनमध्ये उबर कंपनीच्या खटल्यात २०२१ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की चालक आपल्या भागात ॲप चालू करून भाडं घ्यायला तयार असेल, तर तो वेळ कामाचाच.

आपल्या देशातही हालचाल सुरू झाली आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी पहिला कायदा केला, कर्नाटकनं २०२५ मध्ये. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तिच्यात तरतूद आहे. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये ॲपवरच्या टॅक्सींसाठी धोरण आणलं, त्यात भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा असं म्हटलं आहे. हे सगळं चांगलंच आहे. अपघात झाला तर विमा हवा, म्हातारपणी आधार हवा. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. एवढ्या घरांचा प्रश्न आहे हा. पण विमा आणि पेन्शन झाले उद्याचे. आजच्या अकरा तासांच्या मजुरीचं काय? भाड्याचे ८० टक्के मिळाले, तरी भाडं नसलेल्या वेळेचे किती? त्या वेळेबद्दल हे नियम काहीच बोलत नाहीत.

मी हे गल्लीत बोलते तेव्हा दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, "कुणी जबरदस्ती केलीय का? स्वतःच्या मर्जीचं काम आहे. नाक्यावर टवाळक्या करण्यापेक्षा बरं." मान्य. आमच्या वहिनींचा मुलगाही म्हणतो, "काकू, कुणाचं ऐकून घ्यावं लागत नाही, हवं तेव्हा लॉगइन करतो." मोकळीक आहे, आणि ती त्याला हवीही आहे. पण दोन दिवस सुट्टी घेतली की इन्सेन्टिव्ह बुडतो. रात्री अकरापर्यंत ठरलेला आकडा एका ऑर्डरीनं हुकला की जादा पैसे गेले. मर्जी आहे खरी, पण पोटही त्याच मर्जीला बांधलेलं आहे. आणि मर्जीनं केलं म्हणून कष्टाचं मोल कमी होतं, हे आपण बायकांनी तरी म्हणू नये. आयुष्यभर आपल्याला हेच ऐकवलं गेलंय!

दुसरी गोष्ट, "मजुरी वाढली तर आपल्यालाच महाग पडेल." हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून मी तोही हिशोब मांडला. त्या मुलाची कमाई रोजगार हमीच्या दरापर्यंत न्यायची, तर महिन्याच्या ४६८ ऑर्डरींवर ऑर्डरीमागे किती वाढवावे लागतील? फक्त तीन रुपये. आणि सगळा खर्च जाऊन त्याला तासाला ५० रुपये सुटावेत असं म्हटलं, तर ऑर्डरीमागे दहा रुपये. जास्तीची चटणी मागवली तर तेवढे आपण देतोच. फक्त हे दहा रुपये त्याच्याच हातात पडतील याची खात्री हवी, नाहीतर आपण देऊ आणि मधेच जिरतील.

तेव्हा मागणी काय करायची, हे मला तरी स्पष्ट दिसतं. ॲप चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचा वेळ हा कामाचा वेळ धरावा, आणि त्या तासांना किमान दर असावा. वाहनाचा खर्च किलोमीटरवर वेगळा द्यावा, त्यात हॉटेलपर्यंत जाण्याचं आणि परत येण्याचंही अंतर धरावं. खर्च गेल्यावर जे उरतं, त्यालाच कमाई म्हणावं. दर बदलायचा असेल तर आधी कळवावं, आणि पैशांची पावती मराठीत, आमच्या वहिनींना वाचता येईल अशी द्यावी.

'न्याय्य मजुरी' म्हणजे किती, हाही प्रश्न येतोच. १९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेनं त्याचं एक गणित घातलं होतं. मजुरी अशी हवी की कुटुंबाचं अन्न, कापड, घरभाडं, सरपण-दिवाबत्ती भागली पाहिजे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण आणि औषधपाण्यासारख्या खर्चांची भर घातली. या गणितात कमावता माणूस १, त्याची बायको ०.८ आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६ असं धरलेलं. बाई म्हणजे पाऊण माणसाहून जरा जास्त! वाचून हसू आलं. पण त्या गणितात निदान बाई होती, मुलं होती. मजुरी म्हणजे एका माणसाचा चहा-पाण्याचा खर्च नव्हे, तिच्यामागे एक घर आहे, हे त्यात धरलं होतं. ऑर्डरीच्या दरात ते घर कुठं दिसत नाही.

मैत्रिणींनो, कायदे होतील तेव्हा होतील. आपण आपल्या घरापासून सुरुवात करू या. तुमचा मुलगा, भाऊ, नवरा असं काम करत असेल तर एक साधी वही करा. रोज पाच गोष्टी लिहा. ॲप चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, ऑर्डरी, किलोमीटर, पेट्रोल. महिन्याला गाडीच्या झिजेचे पैसे वेगळे काढून बचत गटात टाका, म्हणजे टायरसाठी हात पसरावे लागणार नाहीत. तुम्ही स्वतः शिवण, पापड, राख्या करत असाल तर एक दिवस घड्याळ लावून बघा. आणि आपण कुणाला काम देत असू, भांड्यांना बाई असेल, गटात पापड लाटणारी असेल, तर तिचाही हिशोब त्याच घड्याळानं करा. दुसऱ्याला शिकवण्याआधी आपली वही चोख हवी.

त्या मुलानं वही चालू ठेवली आहे. दुपारी दोन ते पाच मिळून दोन-तीनच ऑर्डरी पडतात, हे त्याला वहीतून कळलं. आता त्या वेळेत तो घरी येतो, जेवतो, थोडा आडवा होतो. त्यामुळं काही इन्सेन्टिव्ह गेला, पण पेट्रोल वाचलं आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं जरा कमी झाली. आठ हजारांपैकी तीन हप्ते फेडूनही झाले.

परवा वहिनींनी ती वही माझ्यापुढं धरली. म्हणाल्या, "ताई, यात एक राहिलंच की. रात्री साडेअकराला तो येतो, तेव्हा मी उठून गरम भाकरी टाकते. ती कोणत्या रकान्यात लिहायची?"

मला उत्तर देता आलं नाही. पण पुढच्या मीटिंगचा विषय तोच ठेवला आहे.